आजचे वेस्टर्न क्लासिकल कंपोझर बाख-बीथोव्हेनच्या तोडीचे आहेत का?

काही जण नक्की आहेत, पण आपण तुलनाच भलती करतो. बाखच्या काळातले ढीगभर कंपोझर काळाने गाळून टाकले, उरलेल्या चार-पाच जणांसमोर आपण आजची सगळी गर्दी उभी करतो, मग आजचे फिके वाटणारच ना. आणि खुद्द बाखचं बघा, 1722-23 ला लाइपझिगमध्ये चर्चच्या संगीतप्रमुखाची पोस्ट भरायची होती तेव्हा पहिली पसंती टेलेमान, मग ग्राउप्नर (दोघंही त्या काळचे कंपोझर), ते दोघं आले नाहीत म्हणून बाख! त्याचं सेंट मॅथ्यू पॅशन हे गायक-ऑर्केस्ट्राचं भलंमोठं काम तर 1829 ला कंपोझर मेंडेल्सनने बर्लिनमध्ये परत सादर केलं तेव्हा कुठे लोकांना कळलं हे काय प्रकरण आहे.

आता कंपोझर लिगेटीचं पहिलं पियानो एट्यूड (एका तंत्रावर बेतलेली छोटी रचना) ऐका, 1985 चं. उजवा हात फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर, डावा फक्त काळ्या, सुरुवातीला दोन्ही जोडीने चालतात आणि मग अ‍ॅक्सेंट, म्हणजे जोर दिलेले ठोके, असे सरकत जातात की डोकं गरगरतं. शोपाँच्या एट्यूड्सच्या शेजारी बिनधास्त ठेवावं असं काम आहे. अजून अलीकडचं हवं असेल तर कंपोझर थॉमस अ‍ॅडेसचं 1997 चं ‘Asyla’ हे ऑर्केस्ट्राचं काम लावा, तिसऱ्या भागात अख्खा ऑर्केस्ट्रा टेक्नो क्लबसारखा धडधडतो.