इतक्या वर्षांनी पुन्हा गाठ?

प्रश्न : डॉक्टर, 2009 मध्ये मायचं थायरॉइड कॅन्सरचं ऑपरेशन झालं, पूर्ण ग्रंथी काढली. कागदावर ‘पॅपिलरी’ लिहिलंय. आता तिच्या मानेत बोराएवढी गाठ लागते, दुखत नाही. गावात म्हणतात, इतक्या वर्षांनी कॅन्सर येतच नाही. खरं का?
– एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : ताई, येऊ शकतो. पॅपिलरी हा थायरॉइड कॅन्सरचा प्रकार हळू वाढतो. वीस वर्षांनीही मानेतल्या लसिकाग्रंथींत, क्वचित फुप्फुसात सापडतो. दुखत नाही म्हणून कापसाची वेचणी संपेपर्यंत थांबू नका. मानेची सोनोग्राफी करा. रक्तातलं टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक), थायरोग्लोब्युलिन (थायरॉइडच्या पेशीच बनवतात ते प्रथिन) आणि त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडीज तपासा. ग्रंथीच नाही, तर थायरोग्लोब्युलिन जवळपास शून्य हवं. संशय वाटला तर सुईने नमुना घेतात. जुने कागद सोबत न्या, पेटी उपसावी लागली तरी! आणि थायरॉइडची गोळी चहासोबत नको, उपाशीपोटी, पाण्याबरोबर. कॅन्सर निघालाच तर पुन्हा शस्त्रक्रिया, गरजेप्रमाणे रेडिओअ‍ॅक्टिव्ह आयोडीन (उरलेल्या थायरॉइड पेशी मारणारं औषध) देतात.