आईचा पीसीओएस मुलीकडे येतोच का?

प्रश्न : माझ्या आईला आणि थोरल्या बहिणीला पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे बीजकोषांशी निगडित संप्रेरकांचा विकार) आहे. माझे वय २२ असून पाळी नियमित येते. मलाही हा विकार होणारच का? जनुकीय तपासणी करून घ्यावी का?

उत्तर : होणारच असे मुळीच नाही, मात्र सख्ख्या नात्यात हा विकार असल्यास धोका वाढतो, हे खरे. नेदरलँड्समधील जुळ्या बहिणींच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या विकाराच्या प्रवणतेत स्त्री-स्त्रीमध्ये जो फरक दिसतो, त्यातील सुमारे ७० टक्के वाटा आनुवंशिक असल्याचे आढळले. याचा अर्थ तुम्हाला तो होण्याची शक्यता ७० टक्के आहे असा नव्हे, आणि हा गैरसमज मला वारंवार भेटतो. यामागे एकच सदोष जनुक नसून अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. उदाहरणार्थ, डीईएनएनडी१ए या जनुकाचा एक प्रकार बीजकोषातील पेशींमध्ये वाजवीपेक्षा जास्त अँड्रोजन हे पुरुषी संप्रेरक तयार होण्याशी जोडला गेला आहे, आणि त्याच संप्रेरकामुळे हनुवटीवर राठ केस उगवतात. ही प्रवणता वडिलांकडूनही येऊ शकते, त्यामुळे केवळ आईला दोष देणे अन्यायाचे आहे.

जनुकीय तपासणीवरून आज पीसीओएसचे निदान होत नाही, तेव्हा त्यावर खर्च करू नका. पाळीच्या तारखा मात्र नोंदवत राहा. दोन पाळ्यांमधील अंतर ३५ दिवसांहून अधिक होऊ लागले, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना घरातील हा इतिहास सांगून संप्रेरकांची आणि रक्तातील साखरेची तपासणी करून घ्या.