अवॉर्डसाठी अर्ज करण्याआधी पाड्यावर जाऊन दिवे मोजा

सोलर, बायोगॅस, सुधारित चुली असल्या कामांना मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय अवॉर्डबद्दल पुन्हा तेच तेच प्रश्न आलेत, म्हणून सगळ्यांची उत्तरं एकदाच देतेय.

प्रश्न (विलेपार्ले) : ईमेल आलाय की आमचा प्रोजेक्ट एका ग्लोबल ग्रीन अवॉर्डसाठी सिलेक्ट झालाय, ट्रॉफी आणि स्टेजसाठी ३५ हजार भरायचे. भरू का?

नाही. अर्जच केला नव्हता तर सिलेक्ट कशाच्या जोरावर झाले? ब्रिटनचं अॅशडेन, अमिरातीचं झायेद, ऑस्ट्रियाचं एनर्जी ग्लोब या नावाजलेल्या अवॉर्डांपैकी कोणीही अर्जाचे पैसे घेत नाही. पंचतारांकित हॉटेलात फोटो काढून देण्याचा हा सरळ धंदा आहे आणि त्यात लोकांच्या देणगीचे पैसे जातात याचा मला फार राग येतो. आधीच भरले असतील तर आजच बँकेला कळवा आणि सायबर पोलिसांकडे तक्रार करा, ‘बघू पुढच्या आठवड्यात’ करू नका.

प्रश्न (माटुंगा) : अर्जाची शेवटची तारीख वाढते का?

वाढेल असं धरून चालू नका.

प्रश्न (दादर) : आमच्या मंडळाने २ वर्षांपूर्वी जव्हारकडच्या पाड्यांवर १२० घरांत सोलर दिवे बसवले. फोटो, पेपरातली कात्रणं, सरपंचांचं पत्र सगळं आहे. अॅशडेन मिळेल का?

फोटो आणि कात्रणं बाजूला ठेवा. आज रात्री त्या १२० पैकी किती घरांत दिवा लागेल ते सांगता येईल का? माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ अर्जांत हा आकडाच नसतो, बसवले किती ते ठळक अक्षरांत असतं आणि चालू किती त्याचा पत्ता नाही.

जव्हारचा पावसाळा तुम्हाला माहितीये, दिवसच्या दिवस ऊन नाही, पॅनल चार्ज करत नाही पण घरात दिवा तर हवाच, मग बॅटरी वाचवायला कंट्रोलर वीज तोडतो म्हणून कोणीतरी तो बायपास करून वायर थेट बॅटरीला जोडतं, वर मोबाइलही त्यावरच, आणि बॅटरी तळापर्यंत रिकामी होत होत मरते. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर जमते, डिस्टिल्ड वॉटर संपलं की विहिरीचं पाणी घातलं जातं. यात पाड्यावरच्या माणसाची चूक नाही, त्याला कोणी शिकवलंच नाही. लेड अॅसिड बॅटरी नीट वापरली तरी साधारण ३ ते ५ वर्षं, म्हणजे तुमच्या बॅटऱ्या बदलायची वेळ आता फार लांब नाही. त्याचे पैसे कुठून येणार?

हिशोब करून बघा. बॅटरी ५ हजारांची धरली तर १२० घरांचे ६ लाख. घरटी महिना ५० रुपये जमवले तर ४ वर्षांत २ लाख ८८ हजार, म्हणजे निम्मेसुद्धा नाहीत. १०० रुपये घेतले तर ५ लाख ७६ हजार, जवळपास जमतं, पण महिना १०० रुपये त्या घरांना झेपतील का हे त्यांच्याबरोबर बसूनच ठरवावं लागेल, दादरच्या मीटिंगमध्ये नाही.

कर्नाटकातल्या सेल्को या सोलर कंपनीला २००५ आणि २००७ मध्ये अॅशडेन मिळालं ते काय नुसत्या पॅनलसाठी मिळालं नाही, बँकेचं कर्ज मिळवून देणं आणि बिघडलं की दुरुस्तीला माणूस दारात येणं ही त्यांची खरी ताकद. चुलींचंही तेच. वाटलेल्या चुली किती आणि रोज पेटणाऱ्या किती यातला फरक आणि अशीच इतर फुगवलेली गृहीतकं यांमुळे चुलींचे कार्बन क्रेडिट (धूर-कार्बन वाचवल्याबद्दल मिळणारे, विकता येणारे गुण) सरासरी ९ पटीहून जास्त फुगवले गेल्याचं अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं. तेव्हा ‘क्रेडिट विकून देतो’ म्हणणारा एजंट दारात आला तर वकिलाला दाखवल्याशिवाय कशावरही सही नको.

तुम्ही आधी एक चक्कर मारा, घर न घर बघा, बंद दिवे वहीत कारणासकट लिहा, बरोबर सोलरचा जाणकार इलेक्ट्रिशियन न्या. १२० पैकी ७० चालू निघाले तर ७०च लिहा आणि उरलेल्या ५० चं काय करताय तेही लिहा. माझ्या मते असा अर्ज जास्त वजनदार ठरतो.

प्रश्न (मुलुंड) : सोसायटीत ओल्या कचऱ्यावर बायोगॅस प्लांट आहे. एवढ्या छोट्या कामाला कोण विचारणार?

छोटं असणं आड येत नाही. पुण्याच्या आरती (ARTI) या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेला २००६ मध्ये अॅशडेन मिळालं ते शेणाऐवजी खरकट्यावर, पिठूळ कचऱ्यावर चालणाऱ्या घरगुती प्लांटसाठीच. पण तुमचा गॅस जळतो कोणाकडे? वॉचमन आणि सफाई कामगारांचा स्वयंपाक त्यावर होत असेल, महिन्याचे सिलिंडर वाचत असतील तर रोजचा कचरा वजन करून वर्षभराची नोंद ठेवा, मग बोलू. आणि पाइपला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर अवॉर्ड राहू दे, प्लांट बसवणाऱ्याला आजच बोलवा, स्वतः पाना घेऊन बसू नका.

प्रश्न (डोंबिवली) : मी एकटाच काम करतो, संस्था नाही. चालेल का?

एनर्जी ग्लोबला चालतं, झायेदला नाही. तरी यंदाचे नियम वाचूनच अर्ज करा.

प्रश्न (वसई) : परदेशातून बक्षिसाचे पैसे आले तर ट्रस्टच्या नेहमीच्या खात्यात घेता येतात ना? ओळखीचे म्हणतात, बक्षिसाला काही लागत नाही.

ओळखीच्यांचं ऐकून ट्रस्ट अडचणीत आणू नका. ट्रस्टला परदेशी पैसा घ्यायचा तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून तो आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. बक्षिसाचा चेक आल्यावर धावपळ करून हे होत नाही. अर्ज भरायच्या आधी एफसीआरएचं काम रोज करणारा सीए गाठा, नुसता रिटर्न भरणारा नको, आणि ट्रस्ट डीड सोबत घेऊन जा.