वाचकांचे प्रश्न : भूसंपादन आणि मोबदला

प्रश्न : मोहोळ तालुक्यातील आमच्या डाळिंबाच्या बागेतून राष्ट्रीय महामार्ग जात आहे. संयुक्त मोजणीच्या दिवशी मी दवाखान्यात होतो आणि धाकट्या भावाने न वाचताच सही केली. निवाड्याची (मोबदला ठरवणाऱ्या आदेशाची) नोटीस हाती आल्यावर कळले की आमचे क्षेत्र जिरायत दाखवले आहे, बागेची नोंद नाही आणि बोअर व जमिनीखालची पाइपलाइन कोठेच नाही. शिवाय रस्त्यापलीकडे 11 गुंठ्यांचा तुकडा उरतो, तेथे पाणी पोहोचणार नाही. पैसे उचलले तर पुढे दाद मागता येत नाही, असे गावात सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर : नोटिसीच्या माथ्यावर कोणता कायदा लिहिला आहे, ते आधी पाहावे, कारण दाद मागण्याची जागा आणि मुदत त्यावर ठरते. राष्ट्रीय महामार्गाचे संपादन 1956 च्या महामार्ग अधिनियमाखाली होते. तेथे रक्कम मान्य नसेल तर लवादाकडे अर्ज करावा लागतो. कालवा, तलाव किंवा राज्याच्या इतर प्रकल्पासाठीचे संपादन बहुधा 2013 च्या भूसंपादन कायद्याखाली होते आणि तेथे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत भूसंपादनाचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे जावे लागते. निवाड्याच्या वेळी खातेदार हजर असेल तर त्यासाठी सहा आठवडेच मिळतात. हजर नसेल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जे आधी संपेल ते धरले जाते.

पैसे उचलण्याबाबत गावात जे सांगतात त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. 2013 च्या कायद्यात निषेध न नोंदवता रक्कम स्वीकारणाऱ्याला वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येत नाही. मात्र ‘हक्क राखून, निषेधासह स्वीकारली’ असे लिहून रक्कम घेता येते. आपले प्रकरण महामार्गाचे असले तरी ही ओळ पावतीवर आणि वेगळ्या पत्रातही लिहावी आणि त्या पत्राची पोच घ्यावी.

खरे नुकसान बागेच्या नोंदीत आहे आणि ते दिसते त्याहून मोठे आहे. महामार्गाच्या संपादनालाही 1 जानेवारी 2015 पासून 2013 च्या कायद्यातील मोबदल्याची पद्धत लागू आहे. तिच्यात जमिनीचा बाजारभाव काढून ग्रामीण भागात त्याला 1 ते 2 यांच्या दरम्यानचा गुणक लावतात, त्यात झाडे, विहीर, बोअर, बांधकाम यांचे मूल्य मिळवतात आणि येणाऱ्या बेरजेइतकीच दिलासा रक्कम वर देतात. म्हणजे पाच लाखांची बाग मोजणीतून सुटली तर खातेदाराचे दहा लाख जातात. रेडीरेकनरच्या दरावरून भांडण्यात लोकांची शक्ती खर्च होते आणि मोजणीचा तक्ता कोणी उघडून पाहत नाही, याचे मला वाईट वाटते.

यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे संपादनासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, फेरपाहणीची लेखी मागणी आजच करावी. सोबत सातबाऱ्यावरील पीकपाहणीची नोंद, रोपवाटिकेच्या पावत्या, ठिबकच्या अनुदानाचे कागद, बँकेचे कर्जपत्र आणि फळपीक विम्याची कागदपत्रे जोडावीत. झाडांची संख्या आणि वय स्पष्ट लिहावे. पाइपलाइन जेथून जाते तेथे दोन-तीन ठिकाणी माती उकरून फोटो काढावेत आणि शेजारच्या खातेदारांसमक्ष पंचनामा करून ठेवावा, कारण एकदा जेसीबी फिरला की तिचा पुरावा उरत नाही. बाजारभावासाठी दुय्यम निबंधक कार्यालयातून मागील तीन वर्षांच्या खरेदीखतांची सूची क्रमांक दोन (व्यवहारांची नोंद असलेला ‘इंडेक्स टू’) मिळवावी. त्यांतील जास्त दराच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी कायद्याने धरावी लागते.

पलीकडच्या 11 गुंठ्यांसाठी स्वतंत्र मुद्दा मांडावा. जमिनीचे तुकडे पडल्याने उरलेल्या क्षेत्राला पोहोचणारी हानी हा मोबदल्याचाच भाग आहे आणि महामार्ग अधिनियमातही त्याची तरतूद आहे. भावाची सही हा अडथळा आहे, परंतु सातबाऱ्यावर नाव आपले असेल आणि भावाकडे मुखत्यारपत्र नसेल, तर ते अर्जात ठळकपणे नमूद करावे.

प्रश्न : सोलापुरात आमचे घर आहे आणि दर्शनी भागात यंत्रमागाचा कारखाना आहे. रस्ता रुंदीकरणात कारखान्याचा निम्मा भाग जातो. पैशाऐवजी टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्या, असे सांगितले जाते. ते बंधनकारक आहे का?

उत्तर : नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 126 मध्ये रोख रक्कम किंवा चटईक्षेत्र (एफएसआय, म्हणजे बांधकामाचे क्षेत्र), टीडीआर हे मार्ग संमतीचे आहेत. संमती नसेल तर रीतसर भूसंपादन करावे लागते. टीडीआर विकला जाईपर्यंत हाती पैसा येत नाही, म्हणून स्थानिक बाजारात त्याला काय दर मिळतो याची चौकशी केल्याशिवाय करारावर सही करू नये. रीतसर संपादन झाले, तर 2013 च्या कायद्याचे कलम 94 आपल्या कामी येते. घराचा किंवा कारखान्याचा केवळ एक भाग घेतला जात असेल आणि मालकाची इच्छा असेल, तर संपूर्ण इमारतीच्या संपादनाची मागणी त्याला करता येते. उरलेल्या जागेत माग बसत नसतील तर ही मागणी जरूर करावी.

प्रश्न : 1972 च्या दुष्काळात आमच्या आजोबांच्या शेतातून दुष्काळी कामाचा रस्ता काढला. मोबदला मिळाला नाही आणि सातबारा अजून आमच्याच नावावर आहे. इतक्या वर्षांनी मागणी चालेल का?

उत्तर : चालू शकते. हिमाचल प्रदेशात 1967-68 मध्ये संपादन न करताच रस्त्यासाठी घेतलेल्या जमिनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 8 जानेवारी 2020 रोजी वृद्ध मालकिणीला मोबदला देण्याचा आदेश दिला. दीर्घकाळ ताबा आहे म्हणून आपण मालक झालो, असे नागरिकाविरुद्ध म्हणण्याचा अधिकार शासनाला नाही, हे त्या निकालात स्पष्ट केले आहे. मालमत्तेचा हक्क 1979 पासून मूलभूत राहिला नसला, तरी अनुच्छेद 300-अ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही. तथापि आजोबांनी त्या वेळी दानपत्र किंवा संमतीपत्र दिले होते का, हे आधी तपासावे, कारण शासनाकडून पहिले उत्तर तेच येते. त्यासाठी जुने फेरफार, संबंधित खात्याचा रस्त्याचा नकाशा आणि संपादनाची नस्ती (फाइल) माहितीच्या अधिकारात मागावी. नस्ती आढळून येत नाही असे लेखी उत्तर आले, तर तेही जपून ठेवावे, उच्च न्यायालयात रिट याचिका करताना ते जोडता येते. सर्व वारसांची नावे आधी सातबाऱ्यावर लावून घ्यावीत, बहिणींचीही.