खान्देशच्या उन्हात कुत्र्याची निगा

पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्यांना माझे सांगणे असे की, आंघोळीपेक्षा रोजच्या विंचरण्याला अधिक महत्त्व द्यावे. कानाच्या पाळीमागे, गळपट्ट्याखाली आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड हमखास सापडते. तिच्यामार्फत एर्लिकिओसिस व बेबेसिओसिससारखे रक्ताचे आजार पसरतात, म्हणून ती दिसताच चिमट्याने अगदी त्वचेलगत पकडून सरळ वर ओढावी, रॉकेल मुळीच लावू नये.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो, तेव्हा दाट केस सरसकट भादरून टाकावेसे वाटतात. जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन अशा दुहेरी थराच्या कुत्र्यांच्या बाबतीत ते कृपया टाळा, कारण हे केस उन्हापासून त्वचेचे रक्षणही करतात. आतले सुटलेले लोकरी केस विंचरून काढले की हवा खेळती राहते.

शेताच्या बांधावरून फिरून आल्यावर पंजे उघडून पाहाच. वाळक्या गवताचे कुसळ बोटांत रुतले, तर ते आत आत सरकत जाते आणि तिथे पू धरतो.

नख पांढरे असल्यास आतली गुलाबी शीर दिसते, तिच्या अलीकडेच कापावे. काळे नख मात्र अगदी थोडे थोडे कापावे. माणसांचा शाम्पू वापरू नये. घरात मांजरही असेल, तर कुत्र्याचे परमेथ्रिनयुक्त गोचीडनाशक तिला कदापि लावू नका. ते तिच्या जिवावर बेतू शकते.