चेक इंजिनचा दिवा लागलाय, पण गाडी छान चालतेय. लांबच्या प्रवासाला निघू का?

दिवा नुसता लागलेला आहे की लुकलुकतोय? तुम्ही लिहिलंय की मीटरवर इंजिनचं पिवळं चित्र कालपासून दिसतंय, चालवताना काही फरक वाटत नाही, आणि परवा पहाटे घरच्यांना घेऊन पुण्याहून कोल्हापूरला निघायचंय. नेमकी हीच एक गोष्ट सांगायची राहून गेलीय आणि सगळं उत्तर तिच्यावरच अडलंय.

दिवा स्थिर असेल तर उद्या स्कॅनिंग, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदलेला बिघाडाचा कोड वाचून घ्या, मग ठरवा. बहुतेक वेळा जाता येतं. लुकलुकत असेल आणि गाडी झटके मारत असेल, तर कोल्हापूर सोडाच, कात्रजच्या पलीकडेही नेऊ नका.

हे शहाणपण मला फुकटात आलेलं नाही. चार वर्षांपूर्वी जुलैत साताऱ्याला निघालो होतो. आदल्या रात्री धो धो पाऊस आणि गाडी उघड्यावर. खंबाटकी चढायला लागलो तसा पिकअप गेला, गाडी मिसिंग मारायला लागली आणि दिवा लुकलुकू लागला. मागे ट्रकची रांग, घाटात थांबणार कुठे, म्हणून तशीच दामटली. उतार लागल्यावर झटके थांबले, दिवाही लुकलुकायचा थांबून नुसता पेटून राहिला. मी खूश. साताऱ्याला गेलो, दुसऱ्या दिवशी तसाच परत आलो. मेकॅनिकनं बोनेट उघडलं तर प्लगच्या खळग्यात पाणी उतरलेलं आणि प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी एक इग्निशन कॉइल गेलेली. अडीच हजारांत मिटलं, असं वाटलं. दोन महिन्यांनी पुन्हा दिवा. या वेळी कोड आला पी-०४२०, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅटकॉन) नीट काम करत नाही. त्याचं बिल किती आलं ते बायकोला अजून पूर्ण सांगितलेलं नाही.

झालं काय होतं, तर मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळताच सायलेन्सरच्या वाटेला लागतं. वाटेत कॅटकॉन असतो. त्याच्या आत सिरॅमिकची मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असल्या महागड्या धातूंचा थर. न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन पेटतं, जाळी प्रमाणाबाहेर तापते आणि वितळून बसते. दिवा लुकलुकतो तो इसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, हे होणार असं दिसायला लागलं म्हणून. घाटात इंजिनवर लोड येतो, म्हणून मिसिंग तिथे उघडं पडतं. उतारावर लोड कमी झाला की लपतं. मी त्याला ‘बरी झाली’ समजलो.

आता तुमचा खरा प्रश्न, गाडी छान चालतेय तर दिवा का? कारण हा दिवा मुळात धुरासाठी आणला गेलाय. अमेरिकेत १९९६ पासूनच्या नव्या गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीनं स्वतःच बिघाड ओळखून नोंदवायची यंत्रणा, सक्तीची झाली, आपल्याकडे बीएस-४ या प्रदूषण नियमांच्या काळात २०१३ पासून. प्रदूषण वाढवू शकेल असं काहीही इसीएमला दिसलं की दिवा लागतो, मग तुम्हाला स्टिअरिंगवर ते जाणवो न जाणवो. ऑक्सिजन सेन्सर आळसावलाय, कुठल्या तरी पाइपमधून जादा हवा ओढली जातेय, थर्मोस्टॅट उघडाच राहिल्यानं इंजिन नीट तापत नाहीये, असल्या गोष्टी चालवणाऱ्याला महिनोन्‌महिने कळत नाहीत. कळलंच तर ॲव्हरेजवरून.

स्टिअरिंगच्या खाली, डॅशबोर्डच्या आतल्या अंगाला १६ पिनांचं सॉकेट असतं. ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर हजाराच्या आसपास मिळतो, तो तिथे खोचला की मोबाइलवर कोड दिसतो. विकत घ्यायचा नसेल तर कुठल्याही बऱ्या गॅरेजमध्ये स्कॅनिंग होतं. पण तिथे एक करा: कोड पुसायच्या आधी त्याचा फोटो काढून घ्या. कोडसोबत बिघाड नोंदला गेला तेव्हा वेग किती होता, इंजिन किती तापलं होतं, लोड किती होता हेही साठवलेलं असतं आणि पुसताना तेही जातं. ‘बॅटरीची निगेटिव्ह वायर दहा मिनिटं काढून ठेव, दिवा जातो’ असं सांगणारा एक काका प्रत्येक सोसायटीत असतो. दिवा जातो हे खरं. बिघाड तिथेच राहतो, आणि मेकॅनिकच्या हातातला पुरावा तेवढा नष्ट होतो.

आणि कोड म्हणजे बदलायच्या पार्टचं नाव नव्हे. मागच्या वर्षी माझ्याकडे पी-०१३५ आला, ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये गडबड. एका वर्कशॉपनं लगेच नवा सेन्सर सांगितला, मजुरीसकट सहा हजारांच्या वर. सर्किट म्हटल्यावर त्यात फ्यूज आला, वायर आली, कनेक्टर आला. त्यांनी यातलं काही तपासलं नव्हतं. आमच्या कोपऱ्यावरच्या ऑटो इलेक्ट्रिशियननं गाडी वर घेतली आणि हसायलाच लागला. उंदरानं वायर कुरतडली होती. जोड, टेप, वरून पाइप, तीनशे रुपये. तेव्हा तुम्हीही आज आधी बोनेट उघडून टॉर्च मारा. लेंड्या, कुरतडलेला फोम, अर्धवट खाल्लेली बिस्किटं असं काही दिसलं तर निम्मं निदान तिथेच झालं. उघडलंच आहे तर डिपस्टिकवर ऑइल आणि, इंजिन गार असताना, कूलंटची पातळीही बघून घ्या.

गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलंय का, तेही लिहिलेलं नाही. बसवलं असेल तर पी-०१७१ निघण्याची शक्यता बरीच. मिश्रणात गॅस कमी, हवा जास्त असा त्याचा अर्थ, आणि ते पुष्कळदा किटच्या ट्यूनिंगवर जातं. शिवाय सीएनजी पेटवायला प्लगला जास्त जोरदार ठिणगी द्यावी लागते, म्हणून थकलेले प्लग आणि कॉइल आधी गॅसवर रडतात. दिवसभर नुसत्या पेट्रोलवर चालवून बघा, फरक पडला तर किटवाल्याला गाठा. बीएस-६ डिझेल असेल तर डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, वेगळी भानगड असते, पण तिचा दिवाही बहुतेक गाड्यांत वेगळा असतो.

लाल दिव्यांना मात्र यातलं काही लागू करू नका. ऑइलच्या किटलीचा लाल दिवा किंवा टेंपरेचरचा लाल दिवा लागला की बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. ‘पुढचं गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे’ हा हिशेब ऑइल प्रेशर गेलेल्या इंजिनला कळत नाही. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण घाईनं उघडायचं नाही, भाजाल.

स्कॅनमध्ये किरकोळ काही निघालं आणि मेकॅनिकनं हरकत नाही म्हटलं, तर निघा. वाटेत दिवा लुकलुकायला लागलाच तर ॲक्सिलरेटर सोडा, एसी बंद करा, जागा बघून बाजूला थांबा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन करता येतो. टोचन करून न्यावी लागली तरी ते कॅटकॉनपेक्षा स्वस्त पडतं.

आणि उद्या कोड पी-०३०० किंवा पी-०३०१ ते पी-०३०४ यांतला निघाला, तर ते मिसिंगचे कोड. शेवटचा आकडा सिलिंडरचा नंबर सांगतो. ०३०० असेल तर कुठल्या एका सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही. तसं झालं तर गाडी गॅरेजला सोडा आणि स्वारगेटवरून कोल्हापूरची एसटी धरा.