अंतर दुप्पट, मग ओढ निम्मी का नाही?

प्रश्न: अंतर दुप्पट झालं की गुरुत्वाकर्षण निम्मं व्हायला हवं ना, मग पुस्तकात पाव का लिहिलंय? आणि स्पेस स्टेशनवर ते शून्य असतं का?

उत्तर: एक छोटा बल्ब घ्या, त्याच्यासमोर एक चौकोनी कार्ड धरा आणि मागे भिंत असू द्या, बल्बपासून कार्ड जितकं लांब त्याच्या दुप्पट लांब. सावली बघा, रुंदी दुप्पट आणि उंची पण दुप्पट, म्हणजे कार्डाएवढे चार चौकोन मावतील एवढी जागा झाली. जो प्रकाश एका कार्डावर पडत होता तोच चार जागांत वाटला जाणार होता, म्हणून प्रत्येकाला पाव. तिप्पट अंतराला नववा हिस्सा. गुरुत्वाकर्षण काही प्रकाश नाही, पण पसरण्याचा हिशोब तोच.

न्यूटनने हे चंद्रावर ताडून पाहिलं. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून साधारण ६० त्रिज्या लांब, म्हणजे ओढ ३६०० पट कमी. इथे सोडलेला दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडतो आणि चंद्र त्याच एका सेकंदात सरळ रेषेपासून जेमतेम १.४ मिलिमीटर पृथ्वीकडे वळतो. मला तरी हे भारी वाटतं!

आता स्पेस स्टेशन. अंतर केंद्रापासून मोजायचं, जमिनीपासून नाही, इथेच सगळे गंडतात. जमीन केंद्रापासून ६३७१ किमी, स्टेशन त्याच्या साधारण ४०० किमी वर, म्हणजे ६३७१ च्या जागी ६७७१ झाले, ओढ अजून ८९ टक्के शिल्लक. अंतराळवीर तरंगतात कारण ते स्टेशनसकट सतत पडतच असतात.